चॉसरच्या पार्डनरच्या गोष्टीसाठी शब्द: लोभ, हाव की हव्यास?

प्रश्न : इंग्रज कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधली (यात्रेकरूंनी वाटेत सांगितलेल्या गोष्टी) पार्डनरची, म्हणजे चर्चची पापक्षमापत्रं विकणाऱ्याची, गोष्ट मराठीत उतरवतोय. त्याच्या प्रत्येक प्रवचनाचं सूत्र एकच, 'रॅडिक्स मालोरम एस्ट कुपिडिटास', म्हणजे 'कुपिडिटास हे सगळ्या वाईटाचं मूळ'. 'कुपिडिटास'साठी मी 'लोभ' लिहिलं, पण मन मानत नाही. आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितो, गोड मुलाला लोभस म्हणतो. 'हव्यास' कसा वाटतो?

उत्तर १ : 'हव्यास' नको. तो वाचनाचा, ज्ञानाचाही असतो आणि त्याचं कौतुकही होतं. वचनात 'लोभच' ठेवा, फक्त एकटा सोडू नका. ते मुळात बायबलातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं आहे. तिथल्या ग्रीक शब्दाचा अर्थ पैशाची आवड असा आहे आणि मराठी बायबलातही 'द्रव्याचा लोभ' असंच येतं. 'द्रव्याचा' म्हटलं की पत्रातला मायेचा लोभ आपोआप बाजूला पडतो. 'पैसा हे पापाचं मूळ' असं मात्र करू नका, वचनाचा रोख पैशावर नाही.

पण अख्ख्या गोष्टीत एकच शब्द वापरू नका, असं मला फार वाटतं. ते तिघे फ्लँडर्समधले दारूबाज तरुण दारूच्या गुत्त्यातून निघतात ते मृत्यूला ठार मारायला. गावात साथ आहे, त्यांचा एक सोबती नुकताच गेलाय, आणि प्यालेल्या अवस्थेत ते एकमेकांना भाऊ मानून शपथ घेतात. वाटेत भेटलेला म्हातारा सांगतो, मृत्यू त्या ओकच्या झाडाखाली बसलाय. तिथे सापडतात फ्लोरिन, म्हणजे सोन्याची नाणी, जवळजवळ आठ बुशेल (धान्य मोजायचं माप). त्या क्षणी त्यांना जे होतं त्याला मराठीत 'हाव सुटली' म्हणतात. हाव अशी अचानक सुटते, तसा लोभ 'सुटत' नाही. मग मृत्यूचा शोध कुणाच्या लक्षातही राहत नाही. चिठ्ठ्या टाकून धाकट्याला भाकरी-दारू आणायला गावात धाडतात आणि मागे उरलेले दोघे त्याला भोसकायचं ठरवतात. तो तिकडे उंदरांचं निमित्त सांगून विष घेतो आणि तीनपैकी दोन बाटल्यांत घालतो.

पार्डनरचं तसं नाही. तो काचेतली डुकराची हाडं पवित्र अवशेष म्हणून दाखवतो, पैशासाठीच बोलतो हे स्वतः यात्रेकरूंना सांगतो, आणि गोष्ट संपताच त्यांच्याकडेच हात पसरतो. हा मुरलेला लोभ आहे. तरुणांना 'हाव' आणि त्याला 'लोभ' दिलात तर दोघांतला फरक वाचकाला न सांगता कळेल.

उत्तर २ : सहमत. हेच कथानक वेदब्भ जातकात, म्हणजे एका बौद्ध जातककथेत, चोरांच्या हाती लागलेल्या धनाबद्दल येतं. तिथे उरलेल्या दोघांपैकी एक तलवार चालवतो, दुसऱ्याने आधीच भातात विष कालवलेलं असतं. म्हणून वातावरण देशी करण्याचा मोह होईल, तो टाळावा. फ्लोरिनच्या मोहरा करू नयेत, ओकचा वड करू नये.

प्रश्नकर्ता : आभार. 'हाव' पटला. धाकटा दारूवाल्याकडे जाताना त्या नाण्यांची चमक मनात घोळवत राहतो, तिथे 'लालूच' चालेल का?

उत्तर १ : तिथे नाही. लालूच दुसरा कुणीतरी दाखवतो, आणि चॉसरने तो दुसरा दिलाच आहे. दोघांना मारावं हा विचार सैतान त्याच्या डोक्यात घालतो. 'लालूच' त्या ओळीसाठी राखून ठेवा.