शब्दचर्चा : ‘निलंबित शिक्षा’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : जपानमधल्या एका खटल्याची बातमी मराठीत आणते आहे. जबरी चोरीत एकाला इजा झाली. आरोपीला तीन वर्षांची शिक्षा झाली, पण ती पाच वर्षांसाठी ‘सस्पेंड’ केली. मी ‘शिक्षा निलंबित’ असं लिहिलं. सहकारी म्हणतात, वाचकांना अपील चालू आहे असं वाटेल. शिवाय, एवढ्या गंभीर गुन्ह्यात ही सवलत मिळते तरी कशी?

उत्तर : सहकाऱ्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे ‘शिक्षा निलंबित’ म्हटलं की अपिलाचा निकाल लागेपर्यंत अंमलबजावणी थांबवली, एवढाच अर्थ. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 389 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 430. अपील फेटाळलं की उरलेली शिक्षा भोगायला आत जावंच लागतं. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या दरोड्यासारख्या गुन्ह्यात तर सोडण्याआधी सरकारी वकिलांना लेखी हरकत घ्यायची संधी द्यावी लागते.

जपानमध्ये ही स्थगिती अपिलापुरती नसते, ती निकालाचाच भाग असते. ठरलेल्या मुदतीत माणूस नीट वागला तर तुरुंग कायमचा टळतो. मी ‘शिक्षेची अंमलबजावणी पाच वर्षांसाठी तहकूब’ असं लिहीन. लांब आहे, पण गैरसमज होत नाही.

दुसरं उत्तर : सवलत कशी मिळते, ते साध्या गणिताने कळतं. जपानच्या दंडसंहितेप्रमाणे शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तरच ती तहकूब करता येते. जबरी चोरीत इजा झाली तर किमान शिक्षा पूर्वी सात वर्षं होती. परिस्थिती पाहून न्यायालयाने ती निम्मी केली तरी साडेतीन वर्षं उरत, म्हणजे दार बंदच. 2004 च्या दुरुस्तीत किमान मर्यादा सहा वर्षांवर आली. निम्मी केली की बरोबर तीन! बातमीत हा एक आकडा जरूर द्या, नाहीतर न्यायाधीश उगाच मवाळ वाटतील.

प्रश्न : मग ‘परिवीक्षा’ (प्रोबेशन) चालेल का?

उत्तर : नको. आपल्या 1958 च्या परिवीक्षा कायद्यात न्यायालय शिक्षा सुनावण्याऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतं. जपानमध्ये शिक्षा सुनावलेली असते, टांगती असते. हा फरक पुसला जाऊ नये.

दुसरं उत्तर : परिवीक्षेचा विषय निघाला म्हणून सांगते. वर्तमानपत्रं जबरी चोरीला सर्रास ‘दरोडा’ म्हणतात, ते मला फार खटकतं. कायद्याने पाच किंवा अधिक जण असतील तरच दरोडा. चौघांनी लुटलं तर जबरी चोरी. परिवीक्षा कायद्याचं कलम 4 मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांना लागू नाही. दरोड्याला जन्मठेप आहे, साध्या जबरी चोरीला नाही. म्हणजे बातमीदाराने शब्द चुकवला की आरोपीला मिळू शकणारी वाटच वाचकाच्या लेखी बंद होते. प्रत्यक्षात जबरी चोरीतही न्यायालयं ही सवलत सहज देत नाहीत, ते वेगळं. घातक शस्त्र वापरलं किंवा गंभीर दुखापत केली तर किमान सात वर्षं ठरलेलीच आहेत, भारतीय न्याय संहितेच्या कलम 311 खाली.

प्रश्न : मथळ्यात ‘अंमलबजावणी’ बसत नाही.

उत्तर : ‘जबरी चोरी : तीन वर्षांचा तुरुंगवास पाच वर्षांसाठी तहकूब’. पहिल्याच वाक्यात अट सांगा : या काळात पुन्हा गुन्हा केला तर तहकुबी रद्द होऊ शकते.