रिपल टँकमध्ये विवर्तन आणि अपवर्तन दिसतच नाही, काय बदलावं?

कोथरूड_प्रयोगशाळा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात रिपल टँक (पाण्यावरच्या लाटांची सावली खाली पाडून दाखवणारी उथळ टाकी) मांडायचा आहे. काचेचा तळ ४५ बाय ४५ सेमी, कडा ४ सेमी उंच, सिलिकॉन सीलंटने जोडलेल्या. पाणी १५ मिमी. लाकडी पट्टीवर खेळण्यातली ३ व्होल्टची मोटर, वर ९ वॅटचा एलईडी बल्ब, खाली पांढरा कागद. कागदावर नुसतं फिकट जाळं दिसतं. ८ सेमी फटीतून लाट सरळ निघून जाते, कडेला पसरत नाही, म्हणजे विवर्तन दिसत नाही. तळाशी ५ मिमी जाडीची काच ठेवून अपवर्तन (उथळ भागात शिरताना लाटेचं वळणं) दाखवायचं होतं, तिथंही काही फरक नाही. नेमकं कुठं बिघडतंय?

तापकीर_गल्ली

मुख्य गडबड मोटरची आहे. खेळण्यातली मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, म्हणजे १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० लाटा) किंवा त्याच्याही वर. १०० हर्ट्झला पाण्यावरच्या लाटेची तरंगलांबी (लागोपाठच्या दोन लाटांमधलं अंतर) जेमतेम साडेतीन मिमी. तिच्यापुढे ८ सेमीची फट वीसपटीहून मोठी, मग लाट सरळ जाणारच. शिवाय इतक्या बारीक लाटा थोड्याच अंतरात विरतात.

बुधवार पेठेत १२ व्होल्टची, ६०० आरपीएमची (मिनिटाला ६०० फेऱ्यांची) गिअर मोटर मागा. ६०० आरपीएम म्हणजे १० हर्ट्झ. सोबत पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर (वीज झटपट चालू-बंद करून वेग ठरवणारा) घ्या. व्होल्टेज नुसतं उतरवलं तर मोटर अडखळते आणि लाटांमधलं अंतर कमीजास्त होत राहतं. शाफ्टवर एका बाजूला जड नट घट्ट बसवा आणि पट्टी रबरबँडने टांगा. पट्टीची खालची कड पाण्याला जेमतेम टेकली पाहिजे. ती खोल बुडाली की दोन्ही टोकांकडून वेगळ्या लाटा निघतात.

१० हर्ट्झला तरंगलांबी साधारण २.३ सेमी मिळेल. फट २ सेमी ठेवा, पलीकडे अर्धवर्तुळं दिसतील. मग तीच फट हळूहळू ८ सेमीपर्यंत वाढवा: मधला भाग सरळ होत जातो आणि वाक फक्त कडांना उरतो. विवर्तन समजावायला मला यापेक्षा चांगलं काही माहीत नाही, त्यामुळे ८ सेमीची फट काढून टाकू नका.

जाळं दिसतं ते कडांवरून परतणाऱ्या लाटांमुळे. चारही कडांना आतून स्पंजच्या उतरत्या पट्ट्या लावा, पातळ टोक टाकीच्या आत. उभा चौकोनी स्पंज लावला तर त्याच्या तोंडावरूनही लाट बऱ्यापैकी परतते. उतारावर ती हळूहळू मरते.

बल्बही बदला. दुधी आवरणाचा बल्ब रुंद असतो, सावलीच्या कडा पुसल्या जातात. भिंग नसलेला १ वॅटचा एकच एलईडी किंवा मोबाइलचा फ्लॅश पुरे. खोलीतले दिवे बंद.

तरंगलांबी

अपवर्तनाचं गणित वेगळं आहे. लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो खरा, पण तळ लाटेला ‘जाणवेल’ इतकं पाणी उथळ हवं. १५ मिमी पाण्यात ५ मिमीची काच ठेवली तर वर १० मिमी उरतं, आणि १० हर्ट्झच्या लाटेच्या दृष्टीने तेही खोलच. पाणी ६.५ मिमीवर आणा, म्हणजे काचेवर १.५ मिमी राहील. तिथं तरंगलांबी २.३ वरून १.६-१.७ सेमीवर येते. काचेवर ३ मिमी पाणी ठेवलंत तर ती २ सेमीच्या आसपास राहते आणि मुलांना फरक ओळखू येत नाही.

काचेची कड लाटेला तिरकी ठेवा. आपतन कोन ४५ अंश असेल तर अपवर्तन कोन सुमारे ३१ अंश येईल. दीड मिमी पाण्यात टाकीचा एक मिमीचा कलही नडतो. स्पिरिट लेव्हल लावून पायांखाली कागदाच्या घड्या सरकवा, शेवटचं पाणी सिरिंजने घाला. उथळ थरात लाट लवकर विरते, म्हणून काचेच्या पुढच्या कडेजवळच बघायला सांगा.

आणि कागदावरची तरंगलांबी थेट मोजू नका. दिवा पाण्याच्या ६० सेमी वर आणि कागद ४० सेमी खाली असेल तर सावली १.६७ पट मोठी पडते, २.३ चे ३.८ सेमी होतात. वेगही तितकाच फुगून येतो.

कोथरूड_प्रयोगशाळा

मोटर आणि स्पंज आजच बदलतो. व्यतिकरणासाठी (दोन लाटा एकमेकींत मिसळताना दाखवायला) लाटा उठवणाऱ्या दोन टोकांमध्ये किती अंतर ठेवू? आणि एका पालकांनी सुचवलंय की खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना जाळीच्या असतात, तसा टाचण्यांचा कुंपणासारखा अडथळा ठेवून परावर्तन दाखवावं. जमेल का?

तरंगलांबी

टाचण्या नकोत. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांवरची जाळी २१ सेमीच्या रेडिओ लहरींना परतवते, कारण तारांमध्ये विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि भोकं तरंगलांबीच्या मानाने फार लहान असतात. पाणी मात्र टाचण्यांमधून सहज आत-बाहेर करतं आणि बरीचशी लाट पार होते. मुलं चुकीचा नियम घेऊन जातील. परावर्तनाला ॲक्रिलिकची अखंड पट्टी वाकवून पॅराबोला करा. सरळ लाट नाभीपाशी गोळा होताना स्पष्ट दिसते, आणि तबकडीचा आकार तसाच का ते तिथंच सांगता येतं.

तापकीर_गल्ली

दोन मणी ५ सेमी अंतरावर, एकाच पट्टीला, म्हणजे दोन्ही एकाच वेळी वर-खाली होतील. १० हर्ट्झला ४ शांत रेषा (जिथं दोन लाटा एकमेकींना मारतात) मिळतील. १००० आरपीएमची मोटर असेल तर वेग वाढवत नेताना रेषांची संख्या वाढताना दाखवता येईल. मण्याखाली बुडबुडा अडकला तर दोन्हींचा जोर सारखा राहत नाही आणि रेषा पूर्ण शांत होत नाहीत, तेव्हा सुरू करण्याआधी मणी ओले करून घ्या. काच साबणाने धुतली असेल तर चार-पाच वेळा साध्या पाण्याने धुवून काढा. साबणाचा किंवा बोटांच्या तेलाचा पातळ थरही लाटा दाबून टाकतो. दर तासाला पाणी बदला, कारण प्रदर्शनात मुलं हात घालणारच.

याच मांडणीत मापाचा प्रश्नही सुटतो: ५ सेमी अंतरावरच्या मण्यांची सावली कागदावर किती पडते ते मोजा आणि त्याच प्रमाणात बाकी सगळं कमी करा.