लग्नाआधी फ्लॅट भरून ठेवायचा की रिकामा? तुमचं मत सांगा

वेर्णावाला
गोव्यात फोंड्याला वन बीएचके भाड्याने घेतलाय, लग्न तुळशीच्या लग्नानंतर, डिसेंबरात. घरी रोज एकच वाद चाललाय म्हणून इथे लिहितोय. माझं म्हणणं असं की संसाराला लागणारं सगळं आवश्यक सामान आम्ही दोघांनी आमच्या पगारातून लग्नाआधीच घ्यायचं आणि दोन्ही घरांकडून एक चमचासुद्धा घ्यायचा नाही. गॅस, फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, पलंग, कपाट, चार माणसांची भांडी, पडदे, सगळं. कारण साखरपुडा झाल्यापासून आमच्याकडे जो नातेवाईक येतो तो चहा संपायच्या आत विचारतो, त्यांच्याकडून काय काय येतंय? कोणी मागत नाही, तोंडाने कोणीच मागत नाही, पण विचारण्यातच मागणं असतं आणि तिकडे तिचे वडील ते ऐकून कपाटाची ऑर्डर द्यायला निघतात. फ्लॅट आधीच भरलेला असला की तो प्रश्नच उरत नाही. दीड लाख बाजूला काढलेत दोघांनी मिळून, दसरा-दिवाळीच्या ऑफरमध्ये घेऊन टाकायचं. यात चुकीचं काय ते सांगा.

साखळीकडची
हेतू शंभर टक्के बरोबर, पण रीत मला पटत नाही. माझं लग्न झालं तेव्हा घर असंच भरलेलं होतं. नवऱ्याने आणि सासूबाईंनी मनापासून सगळं आणलेलं, डबेसुद्धा लेबलं लावून मांडलेले, आणि मी वर्षभर त्या घरात पाहुण्यासारखी वावरले, कारण मीठ कुठल्या फळीवर ते ठरवताना मी नव्हते. तू "आम्ही दोघांनी" म्हणतोस पण फोंड्यात राहतोस तू, दुकानात जाणार तू, पसंत करणार तू आणि तिला व्हॉट्सअपवर फोटो येणार. पैसे दोघांचे म्हणून निवड दोघांची होत नाही.
लग्नाआधी एवढंच घे: गादी, गॅस, मिक्सर, फ्रिज, दोन बादल्या, चार भांडी. बाकी घर रिकामं असू दे. तिथे दोन-तीन महिने राहिलात की कळतं ऊन कुठून येतं, ओट्यावर उभं राहिल्यावर हात कुठे पोचतो, कपडे कुठे वाळतात, आणि मग दोघं मिळून घ्या.
आणि मिक्सर घेताना स्वस्तातला पाचशे वॉटचा घेऊ नको रे. रोज नारळ, सुक्या मिरच्या, धणे नि चिंच एकत्र गंधासारखं बारीक वाटायचं असतं हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, त्यात लहान मोटर तापून वास सुटतो. साडेसातशेचा घे. आणि ओट्यावर बसवायची छोटी आदोळी मिळते ती घे, फ्लॅटमध्ये खाली बसून नारळ खवायला जागाच नसते.

बांबोळी शिफ्ट
साखळीकडच्या ताईंना मान देऊन सांगते, "हळूहळू घ्या" हे ज्यांच्याकडे रविवार असतो त्यांना जमतं. मी हॉस्पिटलमध्ये शिफ्टमध्ये काम करते, माझंही लग्न याच सीझनला आहे, आणि लग्नानंतर आमच्या दोघांची सुट्टी एकाच दिवशी येईल याची काही खात्री नाही. तेव्हा कोण जाणार दुकानं फिरायला? आणि रिकाम्या घराचं ओझं कोणावर पडतं ते बघा ना. वॉशिंग मशीन नाही म्हणजे नाईट करून आल्यावर कपडे कोण धुणार? पंखा नाही, डबे नाहीत, केरसुणी नाही, या सगळ्या "नाही"ची धावपळ नव्या सुनेच्याच वाट्याला येते. माझ्या मते वॉशिंग मशीन पलंगाच्या आधी. पलंग नसला तर खाली गादीवर झोप लागते.
निवडीचं म्हणाल तर आम्ही फोटोवर काहीच ठरवत नाही. दोघं एकदा म्हापशाला गेलो शुक्रवारच्या बाजाराला, मातीची भांडी म्हणजे कुंडली, लाकडी पळ्या म्हणजे डवले, सूप असलं सगळं तिथूनच घेतलं. लग्नाआधीच घेतलं आणि तरी दोघांच्या पसंतीचं आहे.

मडगावची मावशी
तुम्ही मुलं हुशार आहात पण एक चमचासुद्धा नको हे ऐकून वाईट वाटलं. आईबापांनी मुलीला काही द्यावं यात सगळाच हिशोब नसतो बाळा. माझ्या आईने दिलेला तांब्याचा हंडा आज माझ्याकडे आहे, नातवंडांच्या आंघोळीचं पाणी त्यात तापलंय. तो तू परत पाठवणार होतास का? मागणं वाईट, शंभरदा वाईट, त्याबद्दल मी तुझ्या बाजूने आहे. पण न मागता प्रेमाने दिलेलं दारातून परत केलंस तर तिच्या आईला काय वाटेल याचा विचार कर. नको म्हणायचं असेल तर कपाट-फ्रिजला नको म्हण, समई आणि भांड्याला नको म्हणू नकोस.

वेर्णावाला
मावशी, तुमचा हंडा मी कधीच परत केला नसता. पण सुरुवात हंड्याने होते आणि मग "अमक्यांनी त्यांच्या मुलीला फ्रिज दिला होता" असं कोणीतरी बोलतं, आणि तिच्या वडिलांची झोप उडते. ते रिटायर झालेत, धाकटीचं शिक्षण चालू आहे. त्यांच्याकडच्या एका नातेवाईकाने तर गोवा सरकारच्या लाडली लक्ष्मी योजनेचे एक लाख येतील ना, त्यातून घ्या सामान, असा हिशोबसुद्धा मांडून दाखवला. २०१२ पासूनच्या त्या योजनेचे पैसे मुलीच्या नावावर येतात. ते तिचे पैसे, आमच्या घरातल्या फ्रिजचे नव्हेत. म्हणून सरसकट नाही म्हणायचं, समई सोडून. समई मान्य.

पर्वरीचा
कोणी काय आणलं हा वाद गोव्यात तरी कायद्याने बराचसा निकामी आहे, हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली, आणि तिच्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. लग्नानंतर घेतलेलीच असं नाही, आधीचीही. म्हणजे फ्रिजचं बिल तुझ्या नावावर असो की तिच्या वडिलांनी पैसे भरलेले असोत, संसारात आलेल्या त्या वस्तूत साधारणपणे दोघांचा अर्धा अर्धा हक्क. वेगळं काही ठरवायचं असेल तर तो करार लग्नाआधी रीतसर नोंदवावा लागतो, नंतर बदलता येत नाही.
आणि आपल्याकडे कितीतरी जोडपी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दुसरी सही हॉलमधल्या लग्नाच्या काही महिने आधीच करून मोकळी होतात. दुसरी सही झाली म्हणजे कायद्याने लग्न झालं. तुमची झाली असेल तर "लग्नाआधी" सामान घ्यायचा प्रश्न कागदावर उरलेलाच नाही.
मावशींसाठी: १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात न मागता दिलेल्या भेटवस्तू चालतात, पण त्यांची यादी करून दोघांनी सही करायची असते. कोणी करत नाही. करावी.

साखळीकडची
कायदा मान्य. पण अर्धा हक्क असणं आणि घर आपलं वाटणं यात फार अंतर आहे. कागदावर माझाही अर्धा हक्क होताच की.

मेस्तांच्या घरचा
आमचं घर पिढ्यांपिढ्या सुतारकामातलं, म्हणून जो मुद्दा कोणीच काढला नाही तो सांगतो. दसऱ्याच्या ऑफरमधलं कपाट घेऊ नकोस. लग्नाआधी घ्यायचं की नंतर, यापेक्षा पावसाआधी की पावसानंतर हा गोव्यात खरा प्रश्न आहे. पॅक करून येतं ते बहुतेक पार्टिकल बोर्ड असतं, म्हणजे दाबलेला भुसा. दुकानात चकचकीत दिसतं. एक पावसाळा काढला की खालची कड फुगते, बिजागरीचे स्क्रू भुशातून सुटतात, मागची पातळ शीट पोट काढते आणि आत कपड्यांना बुरशी. जून ते सप्टेंबर घरात जो दमटपणा असतो त्यात ते टिकतच नाही.
घ्यायचंच असेल तर पाणी सोसणारं प्लाय, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघ. शिक्का शीटवर असतो, तयार कपाटात लॅमिनेटखाली जातो, म्हणून कपाट बनवून घेत असशील तर कापायच्या आधी शीट डोळ्यांनी बघ. कापलेल्या कडेला बोट लावून बघ, थरांमध्ये फट नको. कपाट जमिनीपासून चार बोटं वर पायांवर, आणि भिंतीपासून थोडं सुटं. पावसाचा मारा ज्या बाहेरच्या भिंतीवर येतो तिला तर कपाट कधीच टेकवू नको. ती भिंत कुठली हे नव्या भाडेकरूला एक पावसाळा तिथे काढल्याशिवाय कळत नाही, एवढ्यापुरतं साखळीकडच्या ताईंचं बरोबर आहे.
सगळ्यात चांगलं म्हणजे जुनं सामान. घरं विकतात, लोक परदेशी जातात, तेव्हा सागवानाची, शिसमची, फणसाची कपाटं निघतात. जड असतात, पॉलिश गेलेलं असतं, पण आतून ठणठणीत. वाळवीची भोकं तेवढी बघून घे, आणि टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला तर सोड. भाड्याच्या घरात भिंतीत ठोकून फर्निचर तर करूच नको, घर बदललं की पैसे भिंतीतच राहतात.

बांबोळी शिफ्ट
हे सेव्ह करून ठेवलं. भाड्याच्या घराचं अजून एक: गीझर, वॉशिंग मशीन आणायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग आणि मोठ्या पिनचे सॉकेट तपासून घ्या. पंखे घरमालकाचे नसतील तर बीएलडीसी घ्या. जुना पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॉट खातो, हा तीसच्या आसपास, आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर जास्त वेळ चालतो. पावसात लाईट जाते हे काय सांगायला हवं.

मडगावची मावशी
आणि बरण्या घ्या. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायला लागतं, सुकं नुस्तं (मासे), सोलां (आमसुलं), मिरच्या. प्लास्टिकच्या डब्यात ठेवलंत तर जुलैत टाकून द्यावं लागेल. चिनी मातीच्या नाहीतर काचेच्या, घट्ट झाकणाच्या. त्या तरी मला देऊ देत कोणाला.

वेर्णावाला
मावशी, बरण्या तुमच्याकडून घेतल्या असत्या.
काल तिला हा सगळा धागा वाचायला दिला. दुसरी सही आमची जुलैतच झालीय, म्हणजे पर्वरीच्या दादांच्या हिशोबाने आम्ही लग्न झालेलेच. ती म्हणाली वॉशिंग मशीन, फ्रिज, गॅस आणि मिक्सर आत्ता, ते मी तिच्याबरोबर जाऊनच घेणार, फोटोवर नाही. पलंग आणि कपाट पुढच्या पावसाळ्यानंतर. कपडे तोवर लोखंडी रॅकवर. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना मी स्वतः जाऊन सांगणार की समई सोडून काही आणू नका, यावर मी ठाम आहे आणि तीही. माझ्या आईला अजून पटलेलं नाही, रिकाम्या खोलीत सून आणणार का म्हणते. तिला काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही.
मेस्तदादा, बेडरूमच्या एका भिंतीला आत्ताच, चवथीच्या आधीच्या पावसात, खालून हातभर ओल आलीय. रंग मालकाकडून काढून घेऊ की तसाच ठेवू?

मेस्तांच्या घरचा
आत्ता रंग काढू नको, पावसात भिंत सुकणार नाही. ओल कुठपर्यंत आलीय तिथे पेन्सिलने रेघ मार आणि तारीख घालून फोटो मालकाला पाठव, डिपॉझिट परत घेताना उपयोगी पडेल. दिवाळीनंतर भिंत कोरडी झाली की बाहेरून तडा बुजवून घ्यायला सांग, नुसता आतून रंग मारून देतो म्हणाला तर ऐकू नकोस. आणि आईला म्हणावं मेस्तदादाच्या ओळखीत शिसमचा एक जुना पलंग आहे, बघून जा.

साखळीकडची
पलंग बघायला तिलाही ने.