उभ्या गाडीला बॅटरी कंडिशनर कायम जोडून ठेवावा का?

प्रश्न: गाडी महिनोन्‌महिने उभीच असते. कंडिशनर (बॅटरी भरून ती भरलेली राखणारा छोटा चार्जर) सतत लावून ठेवला तर बॅटरी जास्त चार्ज होऊन खराब होईल का?

उत्तर १: नाही. बॅटरी भरली की चांगला कंडिशनर व्होल्टेज साधारण १३.५ व्होल्टवर आणतो आणि फक्त चार्जची गळती भरून काढतो. जुना साधा चार्जर मात्र असा ठेवू नका, कृपा करून! त्याने बॅटरीतलं पाणी आटतं. लाल चिमटा आधी प्लसला, काळा बॅटरीपासून लांब, चॅसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) उघड्या धातूला.

उत्तर २: अलार्म वगैरेंनी ५० मिलिअँपिअर जरी ओढले तरी महिन्यात ३६ अँपिअर-तास जातात. अर्धी रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि बॅटरी खराब होते.

प्रश्नकर्ती: मीटर १२.२ व्होल्ट दाखवतोय. आजच जोडते.

उत्तर १: म्हणजे निम्मीच उरलीय. छोट्या कंडिशनरला एक-दोन दिवस लागतील, मध्येच काढू नका.