छोट्या पर्यायी शाळेचा १०० टक्के निकाल, किती धरायचा?

हळदोण्याची सून:
मुलगी सहावीत जातेय. इथे गोव्यात, बार्देश तालुक्यातच एक छोटी पर्यायी शाळा बघून आलो, सगळी मिळून साठेक मुलं, युनिफॉर्म नाही, पोरगी तिथून निघायलाच तयार नव्हती. दहावी एनआयओएसमधून (केंद्राचं मुक्त शिक्षणाचं बोर्ड) करतात, गेल्या वर्षी म्हणे १०० टक्के निकाल. किती जण बसले होते विचारलं तर आठ! गावातली मुलं फारशी दिसलीच नाहीत, जास्त करून पुण्या-बेंगळुरूहून इथे राहायला आलेल्यांची. सासरे म्हणतात गोवा बोर्ड सोडून हे कसलं खूळ. कोणाला अनुभव आहे का?

दोन पोरांचा बाप:
आठातला एक नापास झाला की निकाल थेट ८७.५, म्हणून शाळा लगेच वाईट झाली का? टक्के सोडा हो. पाचवीत किती होती आणि दहावीला किती उरली ते विचारा. आमच्या ओळखीत सातवी-आठवी आली की आईबाप घाबरतात आणि बोर्डाच्या शाळेत नेऊन घालतात, भाड्याने राहणारे वर्षा-दोन वर्षांत परत जातात, मग उरले त्यांचाच निकाल. आणि ज्यांच्या घरी आईबाप दोघंही शिकलेले, कपाटभर पुस्तकं, ती पोरं कुठेही पास होणारच की, त्यात शाळेचं किती?

डिचोलीचे मास्तर (रिटायर):
एनआयओएसमध्ये रजिस्ट्रेशन पाच वर्षं चालतं, नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, पास व्हायला ३३ टक्के. त्यामुळे सगळे एकाच वेळी सुटले की दोन-तीन खेपांत, हे आधी विचारा. दुसरं, विषय. गणित-विज्ञान न घेता चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय घेऊनही दहावी होते, त्यात वाईट काही नाही, पण पुढे सायन्सला जायचं असेल तर अडकाल. आठही जणांचे विषय बघायला मागा. अकरावीला जिथे पाठवायचंय त्या हायर सेकंडरीतही आत्ताच विचारून ठेवा.

शिवोलीची आई:
मास्तरांचं बरोबर, पण उलटी बाजू पण आहे ना. माझ्या मुलाला डिस्लेक्सिया, दोन शाळांनी गोड बोलून वाटेला लावलं, शेवटी अशाच छोट्या शाळेने घेतलं. अशी मुलं जास्त असली की आकडा खाली येणार, मग काय शाळा टाकाऊ? माझा आता वर्गात उभा राहून मोठ्याने वाचतो, अडखळतो, पण वाचतो. गावातली मुलं नाहीत त्याचं कारण मात्र फी, दुसरं काही नाही. शेजारच्या सरकारी मराठी शाळेत मुलं मिळत नाहीत म्हणून बाई घरोघर फिरतात आणि इथे प्रवेशाला वेटिंग.

हळदोण्याची सून:
थॅंक्यू सगळ्यांना. विषयांचं डोक्यातच आलं नव्हतं, सोमवारी फोन करते आणि मधे सोडून गेलेल्यांपैकी एखाद्या पालकाचा नंबर मिळतो का तेही बघते. सासऱ्यांचं काय करायचं ते पण सांगा कोणीतरी 😅