मोठी सुरमई लागते पण लूरसकट (नकली आमिषासकट) जाते, काय चुकतंय?

मालवणहून मित्राच्या होडीतून ट्रोलिंगला (चालत्या होडीमागे लूर ओढत मासे पकडायला) जातो, दोनदा दणदणीत सुरमई लागली नि दोन्ही वेळा लूर घेऊन गेली, ४० पौंड ताकदीची ब्रेड (विणलेला दोर) आहे, पुढे नायलॉनचा लीडर (दोर नि लूरच्या मधला तुकडा), तरी कसं तुटतं? जाम वाईट वाटलं.

उत्तर १: अरे तुटत नाही, कापतं. सुरमईचे दात म्हणजे कात्री. लूरच्या आधी हातभर स्टीलची वायर लाव, पण बारीक, स्वच्छ पाण्यात जाड वायर तिला दिसते नि ती तोंडच लावत नाही.

उत्तर २: वायर हवीच, पण ड्रॅगही (रीळचा ब्रेक, किती ओढ बसली की दोर सुटेल ते ठरवतो) बघ. वजनकाट्याला दोर अडकवून मोज, दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे तुला १० ते १३ पौंड. पहिली धाव भयंकर असते, तेव्हा स्पूल (रीळवरची दोराची फिरकी) अजिबात दाबू नको, पळू दे तिला, दमली की रॉड वर उचलायचा नि खाली आणताना गुंडाळायचं, दोर ढिला पडला की गळ सुटलाच समज.

उत्तर ३: आणि वायर उघड्या हाताला गुंडाळून ओढू नका रे, बोटं जातील. हातमोजे घाला, गॅफ (मासा होडीत ओढायचा आकडा) आधीच हाताशी ठेवा.