मदत हवी आहे: कैदी भुयार खोदतात तो लढाईचा पिक्चर कोणता? आजच पाहिजे

मांजराकाठ, सकाळी 10:40
जाणकारांनी लवकर सांगा. वडिलांना एक जुना पिक्चर बघायचाय. युद्धकैद्यांचा आहे. कैदी भुयार खोदतात, माती पँटीतून बाहेर नेऊन टाकतात, सगळे शिट्टी वाजवत चालतात आणि शेवटी पूल उडतो. नाव आठवत नाही. गुगलवर शोधून दमलो, निस्त्या याद्या येतात. मला यादी नको, एक नाव पाहिजे. संध्याकाळपर्यंत लावून द्यायचाय.

उदगीरचा_पाहुणा, 10:52
भाषा? साल? रंगीत का काळा-पांढरा? कुठं बघितला होता? दादा, तुम्ही सोयरीक जमवायला निघालात आणि मुलीचं गावच सांगंनात.

सिनेमावेडा_नांदेड, 11:05
शिट्टी आणि पूल म्हटल्यावर दुसरं नावच नाही. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय', 1957, दिग्दर्शक डेव्हिड लीन, सात ऑस्कर. जपान्यांच्या कैदेतले इंग्रज सैनिक रेल्वेचा पूल बांधतात. गोष्ट थायलंडमधली, पण शूटिंग श्रीलंकेत झालं. भुयार मात्र त्यात नाही. वडिलांना परत विचारा.

मांजराकाठ, 11:09
विचारलं. भुयार आहे म्हणतात. पूल पण आहे. ठाम आहेत.

जय_जवान_बीड, 11:15
इंग्रजीच्या मागं कशाला लागायचं? '1971' दाखवा. 2007 चा, मनोज वाजपेयी, मानव कौल, रवी किशन. पाकिस्तानच्या कैदेतून सहा भारतीय जवान पळतात. राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय त्याला. थेटरात कुणी बघितला नाही, मग 2020 च्या लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर आला तेव्हा लोकांना कळलं. मी चार वेळा बघितलाय.

मांजराकाठ, 11:18
2007 चा कसा असंल? मी जुना लिहिलंय की.

जय_जवान_बीड, 11:20
जुना नाही, पण चांगला आहे. बघून तर घ्या.

मास्तरीणबाई_जालना, 11:31
भुयार आणि माती लपवून नेणं म्हणजे ज्याँ रेन्वारचा 'ला ग्रांद इल्यूजन', 1937. पहिल्या महायुद्धातले फ्रेंच कैदी जर्मनांच्या छावणीत भुयार खोदतात आणि माती बागेत रिकामी करतात. भुयार पुरं होत आलेलं असतं आणि नेमकी त्यांची बदली दुसऱ्या छावणीत होते. त्यांच्या जागी येणाऱ्या इंग्रजांना घाईघाईत भुयाराचं सांगायला जातात, तर समोरच्याला फ्रेंच येत नाही. या एका प्रसंगापुढे पुढचे सगळे पळापळीचे सिनेमे मला फिके वाटतात. रेन्वार स्वतः त्या युद्धात वैमानिक होता. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याला हा सिनेमा डोळ्यांसमोर नको होता, यातच काय ते आलं.

सिनेमावेडा_नांदेड, 11:40
बाई, सिनेमा थोर आहे, वाद नाही. पण मांजराकाठ यांच्या वडिलांनी 1937 चा फ्रेंच सिनेमा कुठं बघितला असणार? लातुरात?

मास्तरीणबाई_जालना, 11:44
कुठं बघितला ते त्यांनी सांगितलेलंच नाही. मग तुम्ही तरी पुलावर शिक्का कसा मारलात?

मांजराकाठ, 11:58
भांडू नका. वडील फौजेत होते, 71 च्या टायमाला. युनिटमध्ये मैदानात पडदा लावून दाखवला होता. इंग्रजी. रंगीत. बास का?

उदगीरचा_पाहुणा, 12:03
हे पहिल्याच ओळीत टाकलं असतं तर एव्हाना अर्धा पिक्चर बघून झाला असता.

गोदाकाठची_सून, 12:10
म्हणजे काका पाकिस्तानात कैदेत होते? त्यांना माझा नमस्कार सांगा. पण दादा, खरं सांगू का, असं सोसलेल्या माणसाला असले पिक्चर दाखवू नयेत. माझे मामा एका अपघातातून वाचले होते, टीव्हीवर गाडी ठोकलेली दिसली तरी उठून बाहेर जायचे. त्यापेक्षा कीर्तन लावा.

जय_जवान_बीड, 12:14
काकांना सॅल्यूट. 🙏 आपले वैमानिक दिलीप परुळकर यांचं वाचलंय का? 10 डिसेंबर 1971 ला विमान पडलं, रावळपिंडीच्या कॅम्पात ठेवलं. ऑगस्ट 1972 मध्ये परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघं भिंत फोडून निघाले. पार अफगाण सरहद्दीजवळ पोचले. तिथं लंडी खाना स्टेशनला कसं जायचं म्हणून विचारलं आणि लोकांना संशय आला, कारण ते स्टेशन कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडलेलं. नकाशा जुना होता! यावर 2019 मध्ये हिंदी पिक्चर पण आलाय.

निवृत्त_हवालदार, 12:20
मांजराकाठ, वडिलांची पेन्शन 'स्पर्श'वर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या नव्या पोर्टलवर, आली का? नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, विसरू नका. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं, कार्ड नवीन केलं का? जुनं चालत नाही.

मांजराकाठ, 12:26
अहो, वडील कैदी नव्हते! कैद्यांवर पहाऱ्याला होते. 72-73 मध्ये जबलपूरला. नायक या हुद्द्यावर रिटायर झाले. गावात सगळे मेजर म्हणतात ते सोडा. आता खुब्याचं ऑपरेशन झालंय, तीन आठवडे पडून आहेत. आई म्हणती दिवसभर छताकडं बघून भुयार-भुयार करतात. म्हणून लावून द्यायचाय.

उदगीरचा_पाहुणा, 12:29
म्हणजे आम्ही सकाळपासून उलट्या बाजूनं बघत होतो. वा.

खुलताबादी, 12:37
बांगलादेशच्या लढाईनंतर 93 हजार पाकिस्तानी कैदी आपल्याकडं होते, एवढ्या लोकांना दोन वेळची रोटी घालणं म्हणजे खेळ नव्हता. जबलपूरला तर त्यांचा सेनापती खुद्द नियाझी होता. काकांनी बघितला का?

तसं कैदी सांभाळायचं काम आपल्या भागाला नवीन नाही. 1687 ला गोवळकोंडा पडला, तेव्हा औरंगजेबानं तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महालात आणून ठेवला. तो परत बाहेर पडला नाही. पर्यटक किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे त्या काळोख्या भुयारी वाटेत, मोबाईलचा टॉर्च लावून फोटो काढतात आणि चिनी महालाच्या समोरून सरळ निघून जातात.

मांजराकाठ, 12:41
नियाझी नाही बघितला. जवानांच्या कॅम्पावर ड्युटी होती. नाव सांगता का पिक्चरचं?

बोअरवाला_अंबाजोगाई, 12:55
पिक्चरचं मला माहीत नाही पण मातीचं सांगतो. भुयारात खरा घोळ मातीचाच असतो. आपल्याकडं वर काळी, खाली मुरूम, त्याखाली पाषाण. काळ्या रानावर घमेलंभर मुरूम टाकला तरी पार बांधावरून ध्यानात येतं. आणि पाषाण लागला की सुरुंग लावावा लागंल, मग कसली चोरी न् कसलं काय. मराठवाड्यात कैदी ठेवले असते तर एकबी पळाला नसता.

सिनेमावेडा_नांदेड, 13:02
बोअरवाले, तुम्ही नकळत बरोबर जागी बोट ठेवलंत! स्टालाग लुफ्त 3 या जर्मन छावणीत नेमका हाच प्रश्न होता. वरची माती करडी, खालची रेती पिवळीधमक. म्हणून ती विजारीच्या आतल्या पिशव्यांतून नेऊन बागेच्या वाफ्यांत पायानं मिसळायचे.

मांजराकाठ, आता एकच काम करा. वडिलांना विचारा, पळालेला कोणी पकडला गेला का आणि कसा?

मांजराकाठ, 13:20
जेवत होते, थांबलो. सांगतात की दोघं जण बसमध्ये चढत असतात. पोलीस मागून इंग्रजीत काहीतरी चांगलं बोलतो आणि हा गडी वळून "थँक्यू" म्हणतो. संपलं.

सिनेमावेडा_नांदेड, 13:24
सापडला! 'द ग्रेट एस्केप', 1963, जॉन स्टर्जेस. पोलीस "गुड लक" म्हणतो. गंमत म्हणजे हाच गडी आधी छावणीत बाकीच्यांची तयारी घेताना याच युक्तीनं त्यांना फसवून दाखवतो आणि बोल लावतो. हिरो स्टीव्ह मॅक्वीन मोटारसायकलवरून पळतो तो सीन यातलाच. खऱ्या घटनेवर आहे. मार्च 1944 मध्ये 76 जण बाहेर पडले, 73 परत सापडले आणि त्यातले 50 हिटलरच्या हुकुमानं गोळ्या घालून मारले. टॉम, डिक आणि हॅरी अशी तीन भुयारं होती. हॅरी साधारण 30 फूट खोल आणि 300 फुटांच्या वर लांब. आधाराला पलंगांच्या फळ्या काढल्या, हवेसाठी दूध-पावडरचे डबे एकाला एक जोडून नळ केला.

शिट्टी आणि पूल 'क्वाय'चे. वडिलांच्या डोक्यात दोन पिक्चर एक झालेत.

जय_जवान_बीड, 13:30
मोटारसायकल खोटी आहे. खऱ्या पलायनात अमेरिकन एक पण नव्हता, त्यांना आधीच दुसऱ्या भागात हलवलं होतं. सगळा मॅक्वीनला मोठं करायचा उद्योग. '1971' मध्ये असला हिरोपणा नाही.

सिनेमावेडा_नांदेड, 13:36
मान्य, आणि तारेच्या कुंपणावरून मोटारसायकलची ती मोठी उडी मॅक्वीननं मारलेलीही नाही, बड एकिन्स नावाच्या स्टंटमननं मारली. पण त्यात खोटे कागद बनवणारा जो हळूहळू आंधळा होतो, तो डोनाल्ड प्लेझन्स खरोखर जर्मनांच्या कैदेत राहिलेला होता. त्याचा चेहरा बघा आणि मग हिरोपणाचं बोला.

मास्तरीणबाई_जालना, 13:48
खोट्याचा विषय निघालाच आहे तर 'क्वाय'बद्दल बोला. त्यातला कर्नल शत्रूसाठी उत्तम पूल बांधून देण्यात धन्यता मानतो. प्रत्यक्षात त्या पुलावरचे इंग्रज अधिकारी फिलिप टूसी गुपचूप कामात खोडा घालत होते. त्या 415 किलोमीटरच्या रेल्वेपायी मित्रराष्ट्रांचे 12 हजारांवर कैदी मेले आणि आशियाई मजूर त्याच्या कितीतरी पट. मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ लोक होते त्यात. ते सिनेमात कुठेत? शिट्टी तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहिली.

सिनेमावेडा_नांदेड, 13:55
बाई, त्या कर्नलला शाबासकी देणारा सिनेमा नाही तो. शेवटी "मी हे काय केलं" असं त्याच्याच तोंडी आहे. पण मजुरांचं म्हणता ते खरं. त्याला उत्तर नाही.

फुटबॉल_परभणी, 14:10
'एस्केप टू व्हिक्टरी' कुणीच कसा नाही सांगितला? 1981. कैदी विरुद्ध जर्मन अशी फुटबॉल मॅच, पॅरिसमध्ये. पेले स्वतः आहे! बॉबी मूर आहे! गोलकीपर स्टॅलोन! पेलेची ती उलटी किक बघायला काका खाटेवरून उठतील.

गोदाकाठची_सून, 14:13
खुब्याचं ऑपरेशन झालंय हो त्यांचं, उठायचं कुठं.

मांजराकाठ, 14:30
आता नवीन अडचण. तुकडा लावून दाखवला. खाली इंग्रजी अक्षरं येतात. वडिलांना इंग्रजी येत नाही, आणि एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा राहिलाय. हिंदीत कुठं मिळंल?

उदगीरचा_पाहुणा, 14:33
अजून काय-काय सांगायचं राहिलंय तेवढं एकदाच सांगून टाका. 😀

इंग्रजी येत नव्हतं तर त्या वेळी कसा समजला?

मांजराकाठ, 14:52
विचारून आलो. ऐका. युनिटमध्ये आपल्या नांदेडकडचा एक क्लार्क होता, मॅट्रिक झालेला. तो पडद्याच्या बाजूला उभा राहून मोठ्यानं मराठीत सांगायचा. जत्रेतल्या तंबू थेटरात सांगतात तसं. एका आठवड्यात भुयाराचा लागला, पुढच्या आठवड्यात पुलाचा. क्लार्कनं पूल म्हणजे "मागच्या भागातलेच कैदी, आता दुसरीकडं नेलेत" असं ठोकून दिलं. वडील पन्नास वर्षं एकच पिक्चर समजत होते. आता सांगितलं तर म्हणतात क्लार्क खोटं बोलणारा नव्हता.

बोअरवाला_अंबाजोगाई, 15:01
मग तुम्हीच क्लार्क व्हा की. बसा खाटेशेजारी आणि सांगा.

उदगीरचा_पाहुणा, 15:04
धाग्यातलं एकमेव कामाचं उत्तर बोअरवाल्यानं दिलं.

निवृत्त_हवालदार, 15:15
मोतीबिंदू ईसीएचएसमधून होतो. म्हणूनच कार्डाचं विचारत होतो.

मांजराकाठ, रात्री 11:35
लावला. मी सांगत बसलो. जवळजवळ तीन तासांचा आहे, त्यात दोनदा लाईट गेली, इन्व्हर्टरवर टीव्ही चालत नाही. माती सोडायचा सीन तीनदा मागं घ्यायला लावला. विजारीच्या आत लांबट पिशवी, तळाला पिन, खिशातून दोरी ओढली की पिन निघते आणि रेती बुटावर सांडते, तो पाय घासत पुढं जातो. वडील म्हणाले, हीच! हा पिक्चर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सुभेदारानं कॅम्पातल्या सगळ्या कैद्यांच्या नाड्या तपासल्या आणि कोथिंबिरीचा वाफा उकरून बघितला. एक कैदी हसला म्हणून त्याला विचारलं का हसतो, तर म्हणाला, साहब, पिच्चर हमने भी तार के उधर से देखी.

बसचा सीन आला तेव्हा मी तोंड उघडायच्या आधी तेच "थँक्यू" म्हणाले.

50 जणांना मारतात तिथं काही बोलले नाहीत. पाणी मागितलं. मग म्हणाले, पूल कुठाय? मी म्हणलं उद्या. झोपलेत.

सिनेमावेडा, 'क्वाय'मध्ये कुठं काय होतं ते थोडक्यात लिहून ठेवा. भुयारातून पुलावर कसं न्यायचं ते मी बघतो.

सिनेमावेडा_नांदेड, 11:41
सकाळी लिहितो. मास्तरीणबाई, मजुरांचं तुम्ही टाका.

मास्तरीणबाई_जालना, 11:44
टाकते.

निवृत्त_हवालदार, 11:50
हयातीच्या दाखल्याचं काय झालं?